स्क्विडला जास्त कोर द्यायचे, तर पैसे नेमके कुठे जातात?

दोन-अडीचशे संगणकांचं कॉलेज किंवा ऑफिस, मध्ये स्क्विड प्रॉक्सी, आणि सकाळचे अकरा वाजले की इंटरनेट रखडायला लागतं. लाइन ५०० एमबीपीएसची आहे. लॅपटॉप थेट राउटरला लावला तर वेग पुरेपूर मिळतो. प्रॉक्सीतून गेलं की साधं पान उघडायलाही ताटकळावं लागतं. व्हेंडर येतो, सर्व्हरकडे एक नजर टाकतो आणि सांगतो, "साहेब, मशीन जुनं झालंय. सोळा कोरचं घेऊन टाका." दुसऱ्या दिवशी कोटेशन हजर.

त्यावर सही करण्याआधी एवढं लक्षात घ्या, की स्क्विडची मुख्य प्रोसेस मुळात एकाच कोरवर चालते. हार्वेस्ट प्रकल्पाच्या कॅशेतून स्क्विड १९९६ मध्ये वेगळा झाला, तेव्हा सर्व्हरमध्ये बहुधा एकच प्रोसेसर असायचा आणि रचनाही त्याच हिशेबाने झाली. सोळा कोरचं मशीन आणून त्यावर जुनीच कॉन्फिगरेशन फाइल चढवली, तर पंधरा कोर जवळजवळ रिकामे बसतील. एसटी स्टँडवर सोळा खिडक्या बांधल्या आणि तिकीट देणारा एकच ठेवला, तर रांग हटायची नाही. ती हटवायची सोय स्क्विडमध्ये २०१२ साली आलेल्या ३.२ या आवृत्तीपासून आहे, फुकट आहे आणि फाइलमधल्या एका ओळीची आहे. खर्च येतो तो त्या ओळीच्या मागून. तो मेमरीत येतो, जाणकार माणसाच्या तासांत येतो, वीजबिलात येतो आणि प्रॉक्सी क्लाउडवर असेल तर डेटाच्या बिलात येतो. कोटेशनमध्ये यातलं बरंचसं नसतं.

(हा हिशेब ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या ट्रॅफिकच्या प्रॉक्सीचा आहे. तुमच्याच वेबसाइटपुढे एनजिनएक्स उभा असेल तर प्रश्न सोपा आहे. त्यात 'वर्कर प्रोसेसेस ऑटो' लिहिलं की तो मशीनचे कोर मोजून तेवढे वर्कर स्वतःच उभे करतो.)

आधी फुकटातली तपासणी

ऐन गर्दीच्या वेळी सर्व्हरवर 'टॉप' चालवा आणि १ ची कळ दाबा. वरच्या भागात प्रत्येक कोरची ओळ वेगळी दिसते. चार कोरच्या मशीनवर एक कोर ९७-९८ टक्क्यांवर, बाकीचे तीन पाच-दहा टक्क्यांवर आणि खालच्या यादीत स्क्विडची एकटी प्रोसेस शंभरला टेकलेली, असं चित्र दिसलं तरच कोरचा विषय काढायचा. लिनक्स मधूनमधून प्रोसेस एका कोरवरून दुसऱ्यावर हलवतो, म्हणून कोरच्या ओळींपेक्षा प्रोसेसच्या ओळीवर जास्त भरवसा ठेवा.

स्क्विड तीस-चाळीस टक्क्यांवर निवांत असेल आणि तरीही पानं रखडत असतील, तर कोर वाढवून एक पैशाचा फायदा नाही. डीएनएस संथ असेल, डिस्क अडत असेल किंवा फाइल डिस्क्रिप्टर संपत असतील. हा शेवटचा प्रकार फार आढळतो. प्रत्येक चालू जोडणीला साधारण दोन डिस्क्रिप्टर लागतात, एक ब्राउझरकडचा आणि एक पलीकडच्या साइटकडचा. मर्यादा १०२४ वर राहिली असेल तर पाचशे जोडण्यांतच दम लागतो, आणि आजकाल एकेक ब्राउझर डझनावारी जोडण्या उघडतो. स्क्विडच्या कॅशे लॉगमध्ये डिस्क्रिप्टर संपत आल्याचा इशारा स्वच्छ लिहिलेला असतो. मर्यादा वाढवायची, सिस्टिमडीच्या सर्व्हिस फाइलमध्येही तीच वाढवायची, रीस्टार्ट करायचं. खर्च शून्य.

प्रोसेस खरोखरच शंभरला टेकली असेल, तरी आधी ब्लॉक करायच्या साइट्सची यादी उघडून बघा. हजारो डोमेनची यादी 'यूआरएल रेजेक्स' प्रकारच्या नियमात कोंबलेली असेल, तर प्रत्येक विनंतीला स्क्विड ती यादी वरून खाली तपासत जातो. हीच नावं 'डीएसटी डोमेन' प्रकारात टाकली तर शोध झाडासारख्या रचनेत होतो आणि काही पायऱ्यांत संपतो. माझ्या मते कोर वाढवण्याच्या विचारात असलेल्यांनी सगळ्यात आधी हे करावं. यात दुपार जाते, पैसे जात नाहीत आणि पुष्कळदा कोटेशन फाडून टाकता येतं.

यानंतरही अडत असेल तर आकडा काढा. स्क्विडच्या कॅशे मॅनेजरमध्ये 'फाइव्ह मिनिट' नावाचं पान आहे. सेकंदाला किती विनंत्या आल्या आणि सीपीयू किती टक्के वापरला, हे दोन्ही त्यावर एकत्र मिळतं. सेकंदाला १०० विनंत्यांना ३० टक्के सीपीयू जात असेल, तर एक कोर ३०० च्या आसपास थकणार. तुमची गर्दीची विनंतीसंख्या ७०० असेल, तर तीन वर्कर, म्हणजे एकेका कोरवर चालणाऱ्या तीन स्क्विड प्रोसेस, हव्यात. सोळा नव्हे. व्हेंडरसमोर हा कागद ठेवला की बोलण्याचा सूर बदलतो.

एचटीटीपीएसचा मुद्दा

आज जवळजवळ सगळ्या साइट्स एचटीटीपीएसवर आहेत. स्क्विड मध्ये पडत नसेल, नुसता 'कनेक्ट'चा बोगदा उघडून देत असेल, तर तो बाइट इकडून तिकडे ढकलतो. यात विनंतीमागे काम थोडं असतं आणि बोगद्यातलं काहीच कॅशे होत नाही. अशा ठिकाणी "कॅशेसाठी एक टीबीची एसएसडी" ही कोटेशनमधली ओळ सरळ खोडा. प्रॉक्सीचा उपयोग तिथे लॉगिन, नियम आणि नोंदी यांच्यापुरता उरतो.

एसएसएल बंप चालू असेल तर गोष्ट वेगळी. स्क्विड दोन्ही बाजूंना वेगवेगळा टीएलएस हँडशेक करतो, साइटच्या नावाचं प्रमाणपत्र जागच्या जागी तयार करतो आणि मग सगळा मजकूर उलगडून पुन्हा गुंडाळतो. कोर खरे खर्ची पडतात ते इथे. शिवाय प्रत्येक संगणकावर आणि फोनवर आपलं मूळ प्रमाणपत्र बसवावं लागतं, बँकेच्या साइट्स वगळाव्या लागतात आणि लोकांना त्याची कल्पना द्यावी लागते. यातलं हार्डवेअर किरकोळ, माणसांचे तासच जास्त. बंपची खरोखर गरज नसेल तर तो बंद ठेवणं हीच सगळ्यात मोठी बचत.

एक ओळ आणि तिच्यामागचं लटांबर

ओळ अशी आहे: 'वर्कर्स ३'. फाइल पुन्हा वाच, असा नुसता रीकॉन्फिगरचा आदेश दिला तर स्क्विड या बदलाकडे दुर्लक्ष करतो आणि तसा इशारा लॉगमध्ये टाकतो. पूर्ण रीस्टार्टच लागतो. मग प्रोसेसच्या यादीत स्क्विड-१, स्क्विड-२, स्क्विड-३ अशी पिल्लं दिसतात आणि शेवटी एक कोऑर्डिनेटर. सगळे वर्कर एकाच पोर्टवर ऐकतात. आलेली जोडणी कुणी उचलायची हे लिनक्सचा कर्नेल ठरवतो. वाटणी अगदी समान होत नाही. एक वर्कर ७० टक्के आणि दुसरा ४० टक्के दिसला तर घाबरून जाऊ नका.

किती वर्कर? खरे, भौतिक कोर मोजा आणि त्यातला एक नेटवर्क कार्ड व ऑपरेटिंग सिस्टिमसाठी सोडा. हायपरथ्रेडिंगमुळे दुप्पट दिसणारे कोर या हिशेबात धरायचे नाहीत. चार कोरच्या मशीनवर तीन वर्कर, आठ कोरवर फार तर सात. कुठला वर्कर कुठल्या कोरवर बसेल हे 'सीपीयू अफिनिटी मॅप' लिहून बांधून टाकता येतं. पण ते नंतर, गरज दिसली तर.

वर्कर काय वाटून घेतात आणि काय नाही, यावर खर्च ठरतो. मेमरीतली कॅशे सामायिक असते. 'रॉक' प्रकारची डिस्क कॅशेही सामायिक. जुन्या पद्धतीची यूएफएस किंवा एयूएफएस कॅशे मात्र सामायिक होत नाही. ती ठेवायची तर प्रत्येक वर्करला वेगळी डिरेक्टरी द्यावी लागते आणि एकच फाइल तीन वर्करांकडे तीनदा साठू शकते. या प्रकारात ६४ बिटच्या मशीनवर डिस्कवरच्या प्रत्येक जीबीमागे सुमारे १४ एमबी मेमरी निव्वळ सूची ठेवायला जाते. तीन वर्कर, प्रत्येकी १०० जीबी म्हणजे सूचीपायीच ४.२ जीबी रॅम. रॉक घेतलं तर ही पुनरावृत्ती टळते. ३.५ च्या आधीच्या आवृत्त्यांत रॉकमध्ये ३२ केबीपर्यंतच्याच वस्तू मावत. आता ती अडचण नाही, त्यामुळे एयूएफएसला चिकटून राहायचं कारणही उरलेलं नाही.

हेल्पर, म्हणजे स्क्विडच्या मदतीला चालणाऱ्या छोट्या प्रोसेस, सामायिक नसतात, आणि अंदाज चुकतो तो बहुतेक वेळा इथेच. लॉगिन तपासणारे हेल्पर वीसपर्यंत चालू द्या, असं फाइलमध्ये लिहिलं असेल तर ती मर्यादा दर वर्करमागे लागते. तीन वर्कर म्हणजे साठ हेल्पर. एकेक १५ एमबी धरला तरी ९०० एमबी झाले, आणि पलीकडच्या अॅक्टिव्ह डिरेक्टरी किंवा एलडॅप सर्व्हरवर तिप्पट जोडण्या पडल्या त्या वेगळ्याच. वर्कर वाढवले की हेल्परची संख्या त्याच प्रमाणात खाली आणा.

डिले पूल, म्हणजे माणशी वेगाला घातलेली मर्यादा, हीसुद्धा प्रत्येक वर्करची स्वतंत्र असते. विद्यार्थ्याला २ एमबीपीएस दिलेत आणि त्याच्या जोडण्या तिन्ही वर्करांत विभागल्या गेल्या, तर त्याला ६ पर्यंत मिळू शकतात. मर्यादेला वर्करांनी भागून चालत नाही. सगळ्या जोडण्या एकाच वर्करकडे गेल्या तर बिचाऱ्याच्या वाट्याला तिसरा हिस्सा येतो. वेगाची वाटणी तुमच्याकडे खरोखर महत्त्वाची असेल तर ते काम प्रॉक्सीकडून काढून राउटरकडे द्या. डायजेस्ट लॉगिनचीही तीच गत: एका वर्करने ओळखलेला माणूस दुसऱ्याला अनोळखी वाटतो आणि पासवर्डची खिडकी पुन्हा पुन्हा उगवते.

मेमरीचा खरा आकडा

तीन वर्करांचा ढोबळ हिशेब असा मांडा. सामायिक मेमरी कॅशे २ जीबी, तीन वर्करांची स्वतःची मेमरी प्रत्येकी अर्धा जीबी धरून दीड, हेल्परांचा सुमारे एक, ऑपरेटिंग सिस्टिमला दोन. बेरीज साडेसहा. आठ जीबीत बसतं, पण चेपून. १६ जीबी घ्या आणि तिथेच थांबा. नुसते बोगदे उघडणाऱ्या प्रॉक्सीला २ जीबीची कॅशेही नको, मूळचे २५६ एमबी पुरतात, आणि मग ८ जीबीत आरामात भागतं.

'टॉप'च्या 'रेस' रकान्यात प्रत्येक वर्करपुढे ती २ जीबी सामायिक मेमरी मिळवून दाखवली जाते. तीन वर्करांची बेरीज केली की ४ जीबी जास्तीचे खाल्ल्यासारखे वाटतात आणि "रॅम वाढवा" असा सल्ला येतो. शेजारचा 'एसएचआर' रकाना वजा करून बघा.

ही सामायिक मेमरी 'डेव्ह-एसएचएम' या जागेत बसते. लिनक्सवर तिचा आकार सहसा एकूण रॅमच्या निम्मा असतो, त्यामुळे साध्या सर्व्हरवर काळजी नाही. डॉकरमध्ये मात्र ही जागा मूळची फक्त ६४ एमबी असते. तेवढ्यात २५६ एमबीची कॅशेही मावत नाही, आणि गंमत म्हणजे स्क्विड सकाळी व्यवस्थित सुरू होतो. कॅशे हळूहळू भरत जाते, जागा संपते आणि दुपारी कधीतरी बस एररने वर्कर कोसळतो. कंटेनर सुरू करतानाच शेअर्ड मेमरीचा आकार वाढवून द्या आणि 'शेअर्ड मेमरी लॉकिंग' चालू ठेवा. मग मेमरी अपुरी असेल तर स्क्विड सुरू होतानाच अडेल. दुपारच्या गोंधळापेक्षा ते परवडलं.

मशीन: नवं, जुनं की भाड्याचं

एका वर्करला एकच कोर मिळतो, म्हणून कोरांच्या संख्येपेक्षा एकेका कोरचा वेग बघा. सोळा संथ कोरांच्या जुन्या झिऑनपेक्षा सहा वेगवान कोरांचं साधं नवं मशीन स्क्विडला जास्त मानवतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर जुने रॅक सर्व्हर स्वस्तात मिळतात खरे, पण त्यांचं वीजबिल चोवीस तास चालू असतं. सरासरी १५० वॉट खाणारा सर्व्हर दिवसाला ३.६ युनिट घेतो, वर्षाला सुमारे १,३१४. युनिटमागे १२ रुपये धरले तर पंधरा हजार आठशेच्या जवळपास. ४० वॉटचं छोटं नवं मशीन वर्षाला ३५० युनिट, म्हणजे ४,२०० रुपये. वर्षाचा फरक साडेअकरा हजारांचा, आणि त्यात एसीचा खर्च धरलेलाच नाही. आपल्या बिलावरचा दर टाकून हेच गणित पुन्हा मांडा. जुन्या मशीनच्या किमतीत वाचलेले पैसे किती महिन्यांत जातात ते कळेल.

पुष्कळदा नवं काही घ्यावंच लागत नाही. ज्या चार कोरच्या मशीनवर स्क्विड आज एका कोरवर कण्हतोय, त्यातलेच आणखी दोन कोर कामाला लावले की भागतं. मग खर्च फार तर एका रॅमच्या पट्टीचा.

क्लाउडवर जायचा मोह होतो, कारण 'चार व्हीसीपीयू'चं भाडं फार दिसत नाही. दोन गोष्टी विचारून घ्या. अॅमेझॉनच्या इंटेल मशीनवर एक व्हीसीपीयू म्हणजे बहुतेक वेळा एक हायपरथ्रेड, अर्धा कोर. चार व्हीसीपीयू घेतले तर खरे कोर दोनच. त्यांच्या ग्रॅव्हिटॉन मशीनवर एक व्हीसीपीयू म्हणजे एक अख्खा कोर, आणि स्क्विड त्यावर चालतो. दुसरी गोष्ट जास्त महागात पडते. प्रॉक्सी क्लाउडवर असला की तुमच्या लोकांनी डाउनलोड केलेला प्रत्येक बाइट क्लाउडमधून बाहेर पडतो, आणि बाहेर जाणाऱ्या डेटाला पैसे पडतात. अॅमेझॉनच्या मुंबई विभागात महिन्याचे पहिले १०० जीबी सोडले तर सुरुवातीच्या टप्प्यात जीबीमागे सुमारे ११ सेंट दर आहे. महिन्याला ५ टीबी वापर असेल तर साडेपाचशे डॉलर. डॉलर ९० रुपयांचा धरला तर पन्नास हजारांच्या घरात, वर १८ टक्के जीएसटी. दर महिन्याला. कोर, रॅम, वीज हे सगळं यापुढे चिल्लर. मोठ्या ऑफिसचा रोजचा प्रॉक्सी क्लाउडवर नेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

माणसाचे तास आणि बाकीचं

स्क्विडला परवाना शुल्क नाही, डेबियन किंवा उबंटूलाही नाही. जाणकार माणसाकडून वर्कर, रॉक आणि हेल्परचा मेळ बसवून घ्यायला साधारण अर्धा दिवस, आणि त्यानंतर आठवडाभर गर्दीच्या वेळी लक्ष. त्याचा ताशी दर विचारा. "स्केलिंगचं पॅकेज" असं गोळाबेरीज नाव दिलेलं असेल तर त्याचे तास फोडून मागा. सेवा आणि मशीन, दोन्हींवर १८ टक्के जीएसटी लागतो. ८०,००० चं कोटेशन म्हणजे ९४,४०० रुपये. नोंदणीकृत कंपनीला हा कर वजावटीत मिळू शकतो. शिक्षणसेवा करमुक्त असल्याने कॉलेजला सहसा मिळत नाही. दोन कोटेशनची तुलना करताना कॉलेजने करासकटचाच आकडा बघावा.

त्याच अर्ध्या दिवसात आवृत्तीही बघून घ्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका सुरक्षा-संशोधकाने स्क्विडमधल्या ५५ त्रुटी जाहीर केल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच तेव्हा दुरुस्त झालेल्या नव्हत्या. चार-पाच वर्षं हात न लावलेल्या स्क्विडवर नुसते वर्कर वाढवून घेणं म्हणजे काम अर्धवट सोडणं. अपग्रेड त्याच भेटीत करून घेतलं तर वेगळे तास पडत नाहीत.

नोंदींची जागाही आताच धरून ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपायचे असतात. दिवसाला २० लाख विनंत्या आणि एका ओळीला २०० बाइट धरले तर रोजचे ४०० एमबी, १८० दिवसांचे ७२ जीबी; दाबून ठेवले तर त्याहून बरेच कमी. साधी हार्ड डिस्क पुरते. फक्त लॉग रोटेशन मूळच्या सेटिंगवर सोडू नका, कारण काही वितरणांत जुन्या फाइली काही दिवसांतच पुसल्या जातात.

व्हेंडरला ऑर्डर देताना पैशांचा शेवटचा हप्ता कामाच्या पुराव्याशी बांधा. सोमवारी सकाळी अकरा वाजता 'टॉप'मध्ये सगळे वर्कर चालताना दिसले पाहिजेत, त्यातला एकही सतत ८० टक्क्यांच्या वर नको. कॅशे लॉगमध्ये डिस्क्रिप्टरचा किंवा सामायिक मेमरीचा इशारा नको. सर्व्हर एकदा बंद करून चालू केल्यावर सगळे वर्कर आपोआप उभे राहायला हवेत. जुन्या कॉन्फिगरेशन फाइलची प्रत तारीख टाकून तुमच्या ताब्यात घ्या, म्हणजे काही बिनसलं तर 'वर्कर्स १' लिहून पाच मिनिटांत पूर्वीच्या जागी येता येईल आणि त्यासाठी पुन्हा व्हिजिट चार्ज भरावा लागणार नाही.